मुशीचं घर, भात संशोधन केंद्राजवळ

सिंदेवाहीत कोणाला सरकारी दवाखान्याचा रस्ता विचारा. "उजेड संपते ना, तिथून डाव्या हाताले वळा," असं सांगणारी माणसं अजून आहेत. नवखा माणूस भर दुपारी आकाशाकडे पाहतो, मग सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. त्याला वाटतं आपली थट्टा चालली आहे. थट्टा नसते. आमच्या गावात उजेड चहाच्या एका टपरीपाशी संपतो, आणि तो तिथेच संपतो हे आमच्या कॉलेजातल्या जीवशास्त्राच्या मॅडमनी ठरवलेलं आहे.

मी त्याच कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवायचो. आमच्या दोन प्रयोगशाळांच्या मधे एक भिंत होती आणि भिंतीत वर एक झरोका होता. माझ्याकडचा सडक्या अंड्यांचा वास त्यांच्याकडे जायचा, त्यांच्याकडचा फॉर्मॅलिनचा माझ्याकडे यायचा. या देवाणघेवाणीतून आमची ओळख झाली. त्यांनी मला आयुष्यात कधी नावाने हाक मारली नाही. मी कायम "ॲसिडवाले सर". मीही त्यांना तोंडावर मॅडम म्हणायचो आणि पाठीमागे सारं गाव म्हणायचं तेच म्हणायचो, मुशीवाल्या मॅडम.

उंच बाई. आवाज असा, की त्यांच्या वर्गात पचनसंस्था चालली असली तर माझ्या वर्गातल्या पोरांना ती पाठ व्हायची. हातात बाराही महिने एक काळी छत्री. ती उघडलेली मी पाहिली नाही. पाऊस आला की मॅडम भिजत, छत्री कोरडी राहावी म्हणून बगलेत घट्ट धरत. छत्रीचं काम वेगळं होतं. तिने फळ्यावरची आकृती दाखवायची, झोपलेल्या पोराच्या बाकावर टकटक करायची आणि मुख्य म्हणजे रस्त्यावर समुद्राची खोली दाखवायची.

त्यांच्या प्रयोगशाळेत कपाटाच्या वरच्या फळीवर काचेची एक मोठी बरणी होती. बरणीत मुशीचं पिलू. मुशी म्हणजे शार्क. हे पिलू खोल पाण्यातल्या एका जातीचं, गल्पर शार्क म्हणतात तिला. वीतभर लांब, करड्या रंगाचं, डोक्याच्या मानाने डोळे फार मोठे, आणि पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी अजून लटकलेली. मॅडम शिकायला केरळकडे होत्या तेव्हा एका बंदरावर कोळ्याने मुशीचं पोट फाडलं आणि आत एकुलतं एक पिलू निघालं. कोळी ते फेकणार होता. मॅडमनी ते मागून घेतलं आणि बरणी मांडीवर ठेवून रेल्वेने इकडे आणलं. डब्यातली माणसं विचारत, काय आहे? फडक्याची गाठ घट्ट करत मॅडम सांगत, लोणचं. एक म्हातारी तर जेवताना थोडं वाढा म्हणून मागेच लागली होती. "कच्चं आहे अजून, मुरायचं आहे," असं सांगून मॅडमनी वेळ मारून नेली.

आता बघा, आमचा हा मुलूख. समुद्र आमच्यापासून इतका लांब की तिकडून वारासुद्धा येत नाही. इथे तलाव आहेत, बोड्या म्हणजे छोटी तळी आहेत, धानाच्या बांध्या आहेत आणि बाकी सारं जंगल. लोक देशभरातून गाड्या करून आमच्याकडे वाघ पाहायला येतात. स्टाफरूममध्ये एकदा मी म्हणालो, "मॅडम, दारात वाघ असताना तुम्ही हजार मीटर खालच्या माशाच्या मागे काऊन लागल्या?"

"वाघाले पाहायले सारेच जाते सर," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे कोणी जात नाई."

एवढंच कारण होतं, आणि त्यांना ते पुरेसं होतं.

त्यांची शिकवायची तऱ्हा सगळी इथल्या मातीतली होती. आमची पोरं घरी रोहू-कतला साफ करतात. पोटातला हवेचा फुगा त्यांना ठाऊक असतो, तो पायाखाली फोडायची मजाही ठाऊक असते. मॅडम विचारत, "मुशीले असा फुगा नसते. मग ती बुडत काऊन नाई?" आणि मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल भरलेली बाटली बादलीत सोडत. बाटली तरंगायची. मग सांगत, मुशीचं यकृत तेलाने भरलेलं असतं, केवढं मोठं, तर तिच्या अंगाचा जवळजवळ पाव हिस्सा. त्या तेलावर ती तोलून राहते. आणि त्याच तेलासाठी माणसं तिला मारतात. हे शेवटचं वाक्य सांगताना छत्री जोरात आपटायची.

डोळ्यांचं सांगायचं तर रानातला दाखला तयारच होता. टॉर्चच्या उजेडात बिबट्याचे डोळे चमकलेले इथे कोणी पाहिले नाहीत? मुशीच्या डोळ्यांतही मागे तसाच आरसा असतो. मिळेल तेवढा उजेड तो पुन्हा वापरतो, म्हणून तिचे डोळे हिरवेगार चमकतात. कातडीचा एक वाळका तुकडाही त्यांच्या टेबलाच्या खणात असे. तो प्रत्येकाने हाताने पाहायचा. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर मऊ, उलटा फिरवला तर बोटं सोलून निघतील. "माझंही तसंच आहे," असं त्या पहिल्याच दिवशी पोरांना सांगून टाकत. ते खरंच होतं, आणि हे प्राचार्यांना पोरांपेक्षा जास्त माहीत होतं.

त्यांचं एक वाक्य गावात चलनी नाण्यासारखं फिरायचं. मुशीले घाई नाई. एसटी उशिरा आली, निकाल लांबला, कोणाचं लग्न जमत नसलं, की हेच. मुळात ते शिकवण्यातलं वाक्य होतं. खाली थंडी, काळोख, खायला कमी. म्हणून मुशी सावकाश जगते, सावकाश वाढते, वयात यायला कितीतरी वर्षं घेते. मग एक, फार तर दोन पिलं, आणि ती पोटात सुमारे दोन वर्षं. आमच्या पोरांना हे पटायचंच नाही. इथला हिशेब वेगळा. उन्हाळ्यात तलाव आटवून सारा मासा काढला, तरी पावसाळ्यात बीज सोडलं की पुन्हा तलाव भरतो. एका पोराने परीक्षेत लिहिलं होतं की समुद्रात मुशी कमी झाली तर शासनाने मृगात मुशीचं बीज सोडावं. मॅडमनी तो पेपर मला आणून दाखवला. हसतील असं मला वाटलं. पण त्यांनी पेपराची घडी घातली. "तलावाच्या काठी जन्मलेलं पोट्टं दुसरं काय लिहीन?" म्हणाल्या. "मीच कमी पडली."

आणि मग निघाली ती समुद्रात उतरायची वारी. म्हणजे दरवर्षी एकदा, दिवाळीनंतर, मॅडम अख्खा वर्ग घेऊन कॉलेजच्या गेटातून समुद्रात उतरत. रस्त्यावरचं एक पाऊल म्हणजे पाण्यातलं एक पाऊल खाली. गेट म्हणजे लाटा. बसस्टँडपर्यंत पाणी निळं, उजेड भरपूर. पुढे चहाची टपरी, तिथे दोनशे मीटर भरत आणि झाडपाल्याला लागतो तो उजेड संपे. तिथून छत्री वर. "आता बोलायचं नाई. इथून अंधार सुरू." पंचवीस-तीस पोरं भर उन्हात अंधारातून चालल्यासारखी हळूहळू चालत. काही अंतराने एकाचं दप्तर दुसऱ्याच्या पाठीवर जाई, कारण वरच्या पाण्याचं वजन वाढत जातं. शेवटच्या टप्प्यात एखादा बिचारा साऱ्या वर्गाची दप्तरं घेऊन घामाघूम झालेला असे. लाकडं कापायची आरामशीन गेली, पेट्रोलपंप गेला, की भात संशोधन केंद्राच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक जुना मैलाचा दगड होता, आकडे पुसून गेलेला. मॅडम त्यावर छत्री टेकवत.

"आलो. हे मुशीचं घर."

मॅडमचे मिस्टर भात केंद्रात नोकरीला होते. शांत, हसतमुख माणूस. त्या दिवशी ते ताकाची कॅन घेऊन दगडापाशी उभे असत. मुशीच्या घरी ताक मिळतं हे माझं शास्त्रीय ज्ञान मी तिथेच मिळवलं.

पहिली काही वर्षं लोक हसले. मग सवय झाली, आणि सवयीतून शब्द आले. टपरीवाला स्वतःच पत्ता सांगू लागला, "उजेड संपते तिथी माहं दुकान."

मॅडमची एकच इच्छा होती आणि ती त्यांनी लपवली नाही. आपण मेलेली मुशी पाहिली, कापलेली पाहिली, बरणीत घालून आणली. जिवंत पाहिली नाही. आपल्या वर्गातलं एक तरी पोर तिला तिच्या घरी जिवंत पाहून येईल, आणि येऊन आपल्याला सांगेल. दरवर्षी नव्या वर्गासमोर हे म्हणत. दरवर्षी पोरं डी.एड.ला जात, पोलीस भरतीला पळत, कोणी नर्सिंगला, हुशार असलं तर नागपूरला. समुद्राकडे कोणी जात नव्हतं. मी चिडवायचो. त्या म्हणत, "मुशीले घाई नाई." पण एका वर्षी निरोप समारंभानंतर त्या रिकाम्या प्रयोगशाळेत बरणीसमोर बसलेल्या मला झरोक्यातून दिसल्या, आणि त्यानंतर मी तो विनोद पुन्हा केला नाही.

मग ती मुलगी आली. भामरागडच्याही पलीकडच्या गावची, माडिया घरातली. आश्रमशाळेतून चांगले गुण घेऊन आमच्याकडे अकरावीला आली आणि वसतिगृहात राहू लागली. फार बोलायची नाही. समुद्रात उतरायच्या दिवशी सगळी दप्तरं शेवटी तिच्या पाठीवर आली आणि ती कुरकुर न करता दगडापर्यंत गेली. ताक पिता पिता तिने विचारलं, "मॅडम, ती पिलू देते कुठी? इथीच, का अजून खाली जाऊन?"

मॅडमच्या हातातला पेला तसाच राहिला. "मले नाई माहीत," त्या म्हणाल्या. "नक्की कोणालेच माहीत नाई." आणि मग माझ्याकडे वळून, जणू मीच अडवत होतो, "पाहिलं सर? विचारलं तिनं."

त्यानंतरचं दीड वर्ष मॅडम त्या मुलीच्या मागे लागल्या होत्या असं कोणी म्हणेल. मी पाहिलं ते उलटं होतं. मुलगीच मॅडमच्या मागे लागली होती. बारावीचा निकाल आला, समुद्रकाठच्या एका कॉलेजात मत्स्यशास्त्राला तिची निवड झाली, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तिचे वडील तिला घरी न्यायला आले.

अडचण साधी होती. पाऊस लागला की भामरागडकडचे नाले भरतात आणि वाट बंद होते. आता घरी गेली तर प्रवेशाच्या वेळी ती बाहेर पडू शकणार नव्हती. आणि वडिलांना ते चालणार होतं. ते तीन नद्यांच्या संगमावर डोंगा चालवणारे गृहस्थ होते, सडसडीत, डोक्याला टॉवेल बांधलेले. पाण्याची त्यांना भीती नव्हती. पण पाण्याबद्दल त्यांचं पक्कं मत होतं.

"बांबू टेकते तिथवर पाणी आपलं," वसतिगृहाच्या ओट्यावर बसून ते म्हणाले. पोरीची पत्र्याची पेटी त्यांच्या शेजारी होती, दोरीने बांधलेली. "टेकत नाई तिथून दुसऱ्याचं. आमी तिथी जात नाई. पोरगीबी जाणार नाई."

मुलगी खाली मान घालून उभी होती. मी समजुतीचं काहीतरी बोलायला लागलो, नोकरी, पगार वगैरे. मॅडमनी छत्रीने माझ्या पायाला टोचलं.

"भाऊ, तुमचं खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण ते दुसऱ्याचं घर तुमाले दाखवते. पाहून घ्या. मंग घेऊन जा पोरीले, मी आडवी येत नाई."

वडिलांनी पेटी डोक्यावर घेतली. पाहून झालं की तसंच एसटीत बसायचं होतं. आम्ही चौघं कॉलेजच्या गेटातून निघालो, मॅडम, मुलगी, वडील आणि मागून मी. ऊन मरणाचं होतं. गेटातून बाहेर पडून दहा-पंधरा पावलं गेल्यावर मॅडम म्हणाल्या, "इथी तुमचा बांबू संपला." वडिलांनी मागे वळून गेटाकडे पाहिलं. मग पुढे लांबलचक रस्त्याकडे पाहिलं.

टपरीपाशी उजेड संपला. टपरीवाल्याने मॅडमना ओळखून नुसती मान हलवली, बोलला नाही, कारण तिथून पुढे बोलायचं नसतं हे त्यालाही ठाऊक होतं. आरामशिनीपाशी वडिलांनी विचारलं, "इतक्या पाण्याचं वजन तिले लागत नाई?" मॅडम म्हणाल्या, "तिच्या आतबी पाणीच आहे भाऊ. बाहेरून दाबते तेवढंच आतून." त्यांनी डोक्यावरची पेटी जरा सरळ केली.

दगडापाशी मॅडमनी छत्री टेकवली. त्या दिवशी ताक नव्हतं. मॅडमनी मुशीबद्दल सांगितलं, थोडक्यात, वर्गात कधी सांगितलं नसेल इतक्या हळू आवाजात. हिरवे डोळे, तेलाचं काळीज, दोन वर्षांचं पोट.

"पिलं किती?" वडिलांनी विचारलं.

"एक. कधी एखादं जास्त."

"अन् मारते तिले?"

"मारते. जहाजं जाते तिच्यासाठी. तेलासाठी."

ते दगडाकडे पाहत राहिले. मग डोक्यावरची पेटी त्यांनी खाली उतरवली. रस्त्याच्या कडेला ऐनाचं एक झुडूप होतं, त्याची छोटी फांदी मोडली आणि दगडापुढे ठेवली. मी त्यांच्याकडे पाहतोय हे त्यांना कळलं असावं. "दुसऱ्याच्या जागेत आलो तं सांगून यावं लागते," ते म्हणाले. रानातल्या वाटेवर दुसऱ्या हद्दीत शिरताना त्यांच्याकडे असं करतात.

मुलगी बापाकडे बघत होती. मॅडमही.

"तिकडे कोणी सांगून जात नसन," वडील म्हणाले. ते आमच्याशी नाही, पोरीशी बोलत होते. गोंडीत अजून काही बोलले. ते मला समजलं नाही, पण मुलीने दोनदा होकार दिला. मग मॅडमकडे वळून, "पोरगी जाईन. पण फांदी ठेवून खाली उतरन. न सांगता उतरायचं नाई."

पेटी त्यांनी पुन्हा डोक्यावर घेतली आणि ती बसस्टँडवर न नेता मॅडमच्या घरी नेऊन ठेवली. मग एकटे एसटीत बसून परत गेले. एसटी निघाल्यावर मॅडमनी मला सांगितलं, "सर, डोळ्यात धूळ गेली." रस्त्यावर धूळ होतीच, मी हो म्हणालो. पण मला त्या बाईचा त्या क्षणी फार अभिमान वाटला, आणि त्या बापाचाही. अजून वाटतो.

आता या फांदीने पुढे काय घोटाळा केला तेही सांगायला हवं. पुढच्या वर्षी वर्ग समुद्रात उतरला तेव्हा वसतिगृहातल्या दोन पोरींनी दगडापाशी फांद्या ठेवल्या. त्यांना त्या मुलीने सांगितलं असणार. मग साऱ्यांनीच ठेवल्या. "हा जीवशास्त्राचा तास आहे, जत्रा नाई," मॅडम ओरडल्या, पण फांद्या काढल्या नाहीत. स्वतः मात्र त्यांनी कधी ठेवली नाही. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने हे करायचं नसतं, हे त्यांचं ठाम होतं. पाहता पाहता ढीग झाला. जाणारे-येणारे आपली फांदी टाकू लागले. आणि एका सकाळी दगडाला शेंदूर लागला, पुढे नारळ फुटला.

मॅडमनी रॉकेल आणि काथ्या घेऊन स्वतः तो दगड घासला. पुढच्या आठवड्यात पुन्हा शेंदूर. देवीला नावही पडलं होतं, मुशीमाय. ज्या बाईने आयुष्यभर अंगात येणाऱ्यांना थर्मामीटर लावला, तिच्या हातून भर रस्त्यावर एक देवस्थान उभं राहिलं होतं आणि त्या देवस्थानाची देवता समुद्राच्या तळाशी पोहत होती. एकदा एक सुनबाई तिथे मूल मागायला आली. मॅडम नेमक्या तिथून चालल्या होत्या. थांबून म्हणाल्या, "बाई, तिलेच इतक्या वर्षांत एक होते, ती तुले काय देणार? दवाखान्यात जा. उजेड संपते तिथून डाव्या हाताले." सुनबाई दवाखान्यात गेली. पुढे मुलगा झाला, आणि पेढे कुठे आले असतील? दगडापाशी.

मॅडम निवृत्त झाल्या. गुडघे गेले, छत्रीला आता खरोखर टेकायचं काम आलं. मिस्टरांनी दारात आरामखुर्ची टाकून दिली, पण त्यात ते स्वतःच बसत. बरणी कॉलेजातच राहिली. मुलीची खबर अधूनमधून कळायची, पदवी झाली, पुढची झाली, मग एका सर्वेक्षण जहाजावर काम लागलं. मॅडमना फोन यायचा. मॅडम प्रत्येक वेळी एकच विचारत, "पाहिली?" आणि पलीकडून प्रत्येक वेळी नाही यायचं. फोन ठेवल्यावर त्या आमच्यापैकी कोणाला काही बोलू देत नसत.

मागच्या हिवाळ्यात तो रस्ता रुंद करायचं काम निघालं. मशीन आलं, झुडपं गेली, आणि काम दगडापाशी येऊन थांबलं. मजूर हात लावीनात. मुकादम मॅडमच्या घरी आला. गावात कोणीतरी त्याला सांगितलं होतं की देव त्या बाईंचा आहे.

"बाई, तुमीच उचला म्हणा," तो म्हणाला. "देवाले हात लावाले माहे पोट्टे तयार नाई. काम अडून राह्यलं."

"देव नाई तो," मॅडम म्हणाल्या. "पण दगडही हलणार नाई. तिथी मुशीचं घर आहे."

मुकादमाला यातून काय कळलं कोण जाणे. काम चार दिवस पडून राहिलं. मी समजावून पाहिलं, मिस्टरांनी समजावलं. मॅडम ऐकेनात. ती जागा त्यांनी उगाच निवडली नव्हती. बंदरावरच्या त्या कोळ्याने आपला दोर किती खाली सोडला होता ते सांगितलं होतं, आणि तेवढी पावलं मोजून त्यांनी तो दगड ठरवला होता. त्यांच्याकडे मुशीच्या घराचा तेवढाच एक पुरावा होता. त्या जागेवर त्यांनी उभी हयात शिकवलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी ती मुलगी आली. न कळवता. उन्हाने रापलेली, केस कापलेले, पाठीला पिशवी. मॅडमच्या पाया पडली आणि उभी राहिली. मॅडमनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. विचारायची हिंमत झाली नसावी. मुलगी म्हणाली, "चला ना मॅडम, दगडापाशी जाऊ."

आम्ही रिक्षाने गेलो. मजूर सावलीला बसले होते. दगडापुढे फांद्यांचा ढीग, शेंदूर, उदबत्त्यांच्या काड्या. मॅडम छत्रीवर भार देऊन उतरल्या.

"पाहिली," मुलगी म्हणाली. "जिवंत. कॅमेरा सोडला होता खाली, त्याच्यासमोर आली."

मॅडमनी छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली. "डोळे?"

"हिरवे. तुमी सांगितले तसेच."

"घाईत होती का?"

"नाई मॅडम. आली, पाहिलं, वळली, गेली. काहीच घाई नव्हती." मग तिने जरा थांबून सांगितलं, "घरून ऐनाची फांदी नेली होती मी. कॅमेरा सोडायच्या आधी कठड्यापाशी ठेवली."

मॅडम मान डोलावत होत्या. मग त्यांनी छत्री उचलून दगडावर ठेवली, वर्गात ठेवत तशीच. "मंग? इथीच ना?"

मुलीने दगडाकडे पाहिलं, मग पुढे रस्त्याकडे पाहिलं. तिला ते सांगणं जड जात होतं हे दिसत होतं. "नाई मॅडम," ती म्हणाली. "इथी नाई. पुढे आहे. ते मोहाचं झाड दिसते ना, त्याच्याही पुढे. खोली किती भरली ते मी सोता पाहिलं."

मी मॅडमकडे पाहिलं. वाटलं, आता बाई खचणार. इतकी वर्षं इतक्या पोरांना आणून दाखवलेलं घर, आणि ते तिथे नव्हतंच. पण मॅडमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्या मुलाच्या लग्नातही नाही. त्या सावलीतल्या मजुरांकडे वळल्या आणि जुन्या आवाजात, गेटापर्यंत ऐकू जाईल अशा, म्हणाल्या, "ए पोट्टेहो, उठा. उचला तो दगड."

"बाई, देव..." मुकादम पुटपुटला.

"देव नाई, पत्ता आहे तो," मॅडम म्हणाल्या. "अन् तो माहा चुकला होता. माह्या पोरीनं बरोबर करून आणला."

पत्ता उचलायला मजुरांची हरकत नव्हती. चौघांनी दगड पहारीने सैल केला आणि उचलला. मॅडम पुढे चालल्या. रिक्षात बसायला त्यांनी साफ नकार दिला. गुडघा दुखत होता, दर वीस पावलांना थांबत होत्या, पण मुलीचा हात धरला नाही. मोहाचं झाड आलं. "इथी?" "अजून थोडं, मॅडम." पुन्हा चालल्या. "इथी?" "अजून." आणि प्रत्येक अजूनला बाई हसत होत्या, जणू पोरगी त्यांना बक्षीस देत होती.

एका ठिकाणी मुलगी थांबली. मजुरांनी रस्त्याच्या हद्दीबाहेर खड्डा केला, दगड रोवला आणि बाजूला झाले. मॅडम थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग कडेच्या ऐनाकडे गेल्या, एक फांदी मोडली आणि कण्हत वाकून ती दगडापुढे ठेवली. कमरेला हात लावून सरळ झाल्या तेव्हा त्यांना दिसलं की मी पाहतो आहे.

"काय पाहून राह्यले, ॲसिडवाले सर?" त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या घरी आलो आपण. तोडा फांदी."

मी फांदी तोडली.